पॅकिंगआत्याचा प्रोसेसर

पॅकिंगआत्या हे नाव तिला भाचरांनी ठेवलं आणि तिने ते जराही राग न धरता वापरायला काढलं. वापरायला काढलेली तिच्या घरातली बहुधा ती एकच गोष्ट. बाकी सगळं अजून कोरं होतं. सोफ्यावर दुकानातून आला तेव्हाचं प्लॅस्टिक होतं, त्यामुळे पाहुण्याच्या आधी सोफाच बोलायला लागायचा. टीव्हीचा रिमोट पिशवीत आणि पिशवीला रबर. फ्रिजच्या दारावरची पातळ फिल्म कोपऱ्यात सुटली, की आत्या नखाने दाबून दाबून तिला परत जागेवर बसवायची.

"अगं, हे काढणार कधी?" कुणी विचारलं, की तिचं उत्तर ठरलेलं. "राहू दे की. खायला मागतंय का तुझ्याकडे?"

लहानपणी तिच्या वाट्याला सगळं मावसबहिणींचं यायचं. फ्रॉक त्यांचे, दप्तर त्यांचं, कंपासपेटीवर नावसुद्धा दुसरीचंच कोरलेलं. नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी कोरं हातात आलं, आणि कोरेपणाला तिने जी मिठी मारली ती आजतागायत.

ती घरी बसून गणवेशावरच्या बिल्ल्यांची नक्षी संगणकावर काढून द्यायची. कारखान्यातलं भरतकामाचं यंत्र त्या नक्षीबरहुकूम टाके घालायचं. एके दिवशी जुन्या संगणकाने जळका वास सोडला आणि तो गप्प झाला. त्याच आठवड्यात आत्याला जिन्यात चक्कर आली. तिच्या धाकट्या भावाने या दोन गोष्टींची मोट बांधली आणि तो दारात हजर झाला.

पन्नाशीला टेकलेला, डोक्यावर चकाकणारं टक्कल, हाताखाली कचेरीभर माणसं. पण ताईसाठी तो अजून गट्टूच होता.

"म्हणजे कसं आहे ताई," गट्टू म्हणाला. त्याचं प्रत्येक वाक्य याच दारातून बाहेर पडायचं. "तुला चक्कर येते. काम आपसूकच थांबलंय. म्हणजे कसं आहे, हे घर बंद कर आणि आमच्याकडे चल. मागची खोली रिकामीच आहे. म्हणजे, सायकल आहे तिथे, पण ती हलवू."

त्याने स्पीकरवर लावलेल्या फोनमधून भावजय बोलली. तिला एकदा बोलून समाधान व्हायचं नाही. "या हो ताई, या. सायकल हलवू. हलवू की सायकल."

दोघं मनापासून बोलत होती, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसांना नाही म्हणणं सोपं.

"आणि संगणक मी चालू केला तर?" आत्याने विचारलं.

"तू? स्वतः?"

"मी. नवं सामान आणून, माझ्या हाताने जोडून. येत्या रविवारी."

गट्टूने टकलावरून हात फिरवला. "झाला चालू, तर मी हा विषय परत काढणार नाही. नाही झाला, तर..."

"तर सायकल हलवा," आत्या म्हणाली.

रविवारी गट्टू साक्षीदार म्हणून सोफ्यावर बसला. सोफा चर्र बोलला. जेवणाच्या टेबलावर नवा मदरबोर्ड, प्रोसेसर आणि त्यावर बसवायचा पंखा मांडलेला होता. आत्याने दुकानदाराकडून सगळं नीट शिकून घेतलं होतं. तो नाकात बोलायचा, आणि आत्या त्याचीच नक्कल करत हात चालवत होती.

"मॅडँम, दाबायचं नाँही. नुसतं सोडायचं. तो आपला आँपण बसतो."

गट्टू खुदकन हसला. मग आपण विरुद्ध पक्षात आहोत हे आठवून त्याने खाकरल्यासारखं केलं.

आत्याने मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या खाचेची बाजूची दांडी उचलली, चौकट उघडली. आत बारीक पिनांचं शेत चमकत होतं. प्रोसेसर तिने दोन बोटांनी कडेला धरला, त्याच्या कोपऱ्यातला इवलासा त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणासमोर आणला आणि श्वास रोखून सोडला. बसला. हलला नाही, डुगडुगला नाही. चौकट मिटून दांडी दाबताना मात्र करकर आवाज आला आणि चौकटीवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण टुणकन उडून टेबलावर पडलं.

"मोडलं?" गट्टू अर्धा उठला.

"बस खाली. ते उडायचंच असतं." आत्याने ते झाकण पुसून खोक्यात जपून ठेवलं.

मग प्रोसेसरच्या पाठीवर तिने त्याची धग पंख्याकडे नेणारं राखाडी मलम वाटाण्याएवढं लावलं. पंख्याचा तळ आरशासारखा लखलखत होता. त्यावरून तिने मायेने अंगठा फिरवला, एका कडेला हवेचा फुगा दिसला तो निगुतीने दाबून काढला, आणि पंखा वर ठेवून स्क्रू आवळले. बाकीच्या वायरी जोडल्या. बटण दाबलं.

पंखा घुमला. पडद्यावर उजेड आला. आत्याने बिल्ल्यांचा प्रोग्राम उघडला, अर्ध्यावर राहिलेलं एक कमळ पडद्यावर आलं, आणि तिने गट्टूकडे नुसतं बघितलं.

"मानलं बुवा," गट्टू म्हणाला.

त्याचं वाक्य पुरतं विरलंही नव्हतं, तोच पडदा काळा झाला.

पुन्हा बटण. पुन्हा उजेड, पुन्हा कमळ, पुन्हा अंधार. तिसऱ्या खेपेला कमळसुद्धा आलं नाही.

गट्टू चिडवेल म्हणून आत्याने पाठ ताठ केली होती. पण तो हळूच म्हणाला, "राहू दे ताई. तू बसवलंस हेच खूप झालं. म्हणजे कसं आहे..." आणि पुढे कसं आहे ते त्याला सांगवेना. चिडवलं असतं तर बरं, असं तिला झालं. ती सायकल तिला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

बंद संगणकाच्या पोटात हात घालून तिने पंख्याखाली बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. चटका. पंखा फिरतोय, मग प्रोसेसरला एवढी धग कशी? वायर उपसून ती थोडा वेळ थांबली. मग स्क्रू सोडवून तिने पंखा उपडा केला. तळाला मलम फासलेलं होतं, आणि मलमाच्या कडेने एक पारदर्शक शेपटी बाहेर डोकावत होती.

तळावर फिल्म होती. दुकानातली. तिच्यामुळे प्रोसेसरची धग पंख्यापर्यंत पोचतच नव्हती. फुगा दाबून काढला होता, तो तिचाच.

आत्याचं बोट त्या शेपटीच्या टोकापर्यंत गेलं. गट्टूची नजर सोफ्यावरून तिथे पोचायची नव्हती. हळूच ओढून खिशात टाकली असती तरी कुणाला कळलं नसतं.

"गट्टू, इकडे ये," ती म्हणाली. "हे बघ."

गट्टूने बघितलं. मग फ्रिजकडे बघितलं, रिमोटकडे बघितलं, आणि त्याचं पोट हलायला लागलं.

"हसून घे," आत्या म्हणाली. "आणि काढ. इतकी वर्षं तुझे हात शिवशिवतायत ना?"

गट्टूने शेपटी चिमटीत धरली आणि अशा चवीने ओढली, की जणू घरातली सगळी प्लॅस्टिकं त्या एका फिल्ममध्ये निघत होती. आत्याने जुनं मलम पुसलं, नवं लावलं, पंखा पुन्हा आवळला. बटण दाबलं.

कमळ आलं आणि राहिलं. आत्याने त्याची एक पाकळी भरली, मग दुसरी. गट्टू जायला उठला नाही. कमळ पुरं होईपर्यंत पडद्याकडे बघत बसला.

तेवढ्यात भावजयीचा फोन आला. "काय झालं? सायकल हलवू का? हलवू?"

"राहू दे तिथेच," गट्टू म्हणाला आणि फोन ठेवला. मग सोफ्यावर बूड सरकवत, त्याचा चर्र आवाज काढत, त्याने विचारलं, "ताई, आता हेही काढू?"

"जिना चढताना मी तुला फोन करत जाईन, एवढं कबूल," पाकळीवरची नजर न काढता आत्या म्हणाली. "सोफ्याला हात लावायचा नाही."