सूप काढून कलश दिला

ग्रुपवर बठ्ठ्यांनी, झाडून सगळ्यांनी, अंगठे टाकले आणि आज सभेला मोजून सहा जण आले.

डाळ मिलमध्ये राबलेल्या आम्हा बायांचा पुतळा पिंप्राळ्याच्या चौकात बसवायचा होता. मूर्तिकाराने मातीचा नमुना आणला. बसलेली बाई, हातात सूप.

माझ्या शेजारी जन्मभर डाळ पाखडलेल्या सुमनचा मुलगा म्हणाला, "अक्का, सूप नको. कलश द्या, चांगला दिसतो."

"तुझी आई कलशाने डाळ पाखडायची का रे?"

"माझ्या पोरीची सोयरीक चालू आहे. मजुरी कशाला दाखवायची?"

बाकीचे हातही कलशासाठीच वर गेले. मूर्तिकाराने तिथेच सूप मोडलं. आता ती बाई आमच्यातली कोणीच नाही.

असो, नमस्कार. या मेसेजला ज्याची आई मिलमध्ये होती त्यानेच उत्तर द्यायचं. बाकीच्यांनी गप बसा.