ऐंशीच्या आत गाणं

आमच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या वर एक कोनाडा आहे. त्यात सुतळीचे तुकडे साठतात. मुद्दाम कुणी जपून ठेवत नाही, पण टाकवतही नाही. किस्सेही तसेच साठतात.

आमच्या घरचे किस्से मोटरसायकलींचे. त्याला कारण माझा मुलगा दत्तू. शुगर फॅक्टरीतून रिटायर झाला, आणि ज्या वयात माणूस गुडघ्याला तेल चोळतो त्या वयात त्यानं म्हशीएवढी मोटरसायकल आणली. त्याचे दोन दोस्त आधीच तसल्या गाड्या घेऊन बसले होते. एक बबन, कांद्याचा व्यापारी. दुसरे शामुवेल सर, हायस्कूलातून रिटायर झालेले. दर रविवारी सकाळी तिघं कोल्हारला आमच्या अंगणात जमतात, नाश्ता करतात, लांब कुठंतरी जातात आणि जेवायच्या वक्ताला परत येतात. मी ओट्यावर भाजी निवडत बसते. मी शाळेत गेले नाही, पण ऐकायला शाळा लागत नाही.

ह्या गाडीपायी मागल्या वर्षी दत्तूचं हसणं बंद झालं होतं. गाडी विकायला निघाली होती. ते सांगणारच आहे, पण एक सुतळी ओढली की आधी दुसरेच तुकडे हातात येतात.

* * *

गाडी नवी आली त्या दिवशी माझ्या सुनेनं, सुशीलेनं, पूजा केली. हार घातला, कुंकू लावलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. सर आमच्या पूजेला नेहमी बाजूला उभे राहतात आणि पेढ्याच्या वेळी पुढं येतात. तेही आले होते.

दत्तू ऐटीत बसला. लिंबावरून गाडी अर्धा हात पुढं घ्यायची, एवढंच काम. लिंबू चिरडलं, चाक सरकलं, दत्तूचा पाय सालीवर पडला आणि गाडी हळूहळू, अगदी म्हैस बसते तशी, आडवी झाली. दत्तू पण तिच्यासंगं बसला. लागलं काहीच नाही. तिघांनी मिळून गाडी उचलली तेव्हा तिघांचे चेहरे लाल झाले होते.

सर धाप टाकत म्हणाले, असली जड गाडी हळू असतानाच नाटकं करते. एकदा वेग घेतला की रेल्वेसारखी सरळ जाते.

दत्तूला ते लई पटलं. सुशीला ताट घेऊन तशीच उभी होती.

"दुसरं लिंबू आणू का?" ती म्हणाली.

* * *

सरांचं एक आहे. ते हेल्मेटच्या आत गाणी म्हणतात. देवाची, चर्चमधली. आवाज मोठा. गाडी फाटकाशी यायच्या आधी गाणं येतं.

त्यांनी एकदा गाडीला पुढं मोठी थोरली काच लावली, वारा लागू नये म्हणून. ती लावून भाचीच्या लग्नाला पुणतांब्याला निघाले. तर समोरून टँकर गेला की त्याचा वारा त्या काचेत भरायचा आणि सगळी गाडी हातभर बाजूला ढकलायचा. टँकर गेला की ढकल, ट्रक गेला की ढकल. लग्नात पोचले तेव्हा म्हणे, चर्चमध्ये सुद्धा ते उजवीकडं सावरून उभे होते.

परत आल्यावर काच काढली. दत्तू त्या दिवशी संगं होता. त्यानं विचारलं, सर, तुमचं गाणं मधेच बंद का पडत होतं?

सर म्हणाले, "ऐंशीच्या आत गाणं. ऐंशीच्या वर प्रार्थना."

तेव्हापासून आमच्याकडं कुणी वेग विचारत नाही. सर गात आले का, एवढंच विचारतात.

* * *

बबनच्या गाडीला, दत्तूच्या गाडीसारखेच, दोन्ही बाजूंनी सामानाचे डबे आहेत. तिसगावला बहिणीकडं निघाला तेव्हा त्यानं उजव्या डब्यात कांदे भरले आणि डाव्या डब्यात पापड. व्यापारी माणूस, जन्मभर वजनकाट्याजवळ बसलेला, पण हे काही त्याला सुचलं नाही. गाडी उजवीकडं ओढायला लागली. हा डावीकडं कलून बसला. नगर गेलं, घाट गेला, तिसगाव आलं, मान डावीकडं तशीच. बहीण घाबरली. तिनं बबनच्या बायकोला फोन लावला, दादाची मान डावीकडं धरलीय, मिठाचा शेक तयार ठेवा.

येताना बहिणीनं पापडाचा रिकामा डबा बाजरीनं भरून दिला. कांद्याचा डबा रिकामाच राहिला.

बबन घरी उतरला तेव्हा बायको मिठाची पुरचुंडी गरम करून दारात उभी. तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"फोनवर तर डावी म्हनल्या हुत्या," ती म्हणाली.

हा किस्सा बबननंच आमच्या ओट्यावर सांगितला. सगळे हसले. सुशीला भाकरी वाढत होती. तिनं विचारलं, "भाऊजी, वजन टाकलं की गाडी हळू जाती व्हय?"

"जाती म्हंजे काय वहिनी. कांदे हुते तवर काटा साठच्या वर गेला न्हाई."

मग बबनला आणखी बोलायची हौस आली. म्हणाला, दत्तूभाऊचं तसं न्हाई, मोकळा रस्ता दिसला की एकशे दहाच्या खाली बोलतच न्हाई.

दत्तूनं त्याला कोपरानं ढोसलं. सुशीलेनं भाकरी ताटात ठेवली आणि आत गेली.

* * *

त्याच आठवड्यात माझा वरवंटा हरवला.

पाटा जागेवर आणि वरवंटा गायब. शेजारी लग्न होतं, तिकडं कुणी नेला असेल असं मला वाटलं. मी दोन घरी विचारून आले. लग्नघरात माणसं रुसलेल्या मामाला शोधत होती, माझ्या दगडाला कोण विचारतंय.

सुशीला म्हणाली, "मिळंल की आत्याबाई. दगुड कुठं पळून जातोय."

तोवर मिक्सरची चटणी. मिक्सरची चटणी मी खाते, पण तिच्याशी बोलत नाही.

* * *

आता दत्तूचं.

एका रविवारी तो घरात आला तो बूट न काढता, पार देवघरापर्यंत. तेव्हाच मी ओळखलं. पाणी प्यायला, परत प्यायला, आणि मग बोलला. नगरच्या बायपासला शंभरच्या वर गेला आणि गाडीचा मागचा भाग डुलायला लागला, जसं कुणी शेपटी धरून हलवतंय. मग हँडल हलायला लागलं. पीठ चाळताना चाळणी हलते तसं, डावी-उजवी, डावी-उजवी. त्यानं हँडल घट्ट धरलं तर जास्तच. ब्रेक दाबला तर त्याहून जास्त. शेवटी नुसता वेग सोडला आणि गाडी आपली आपण शांत झाली.

हे सगळं सुशीलेनं ऐकलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "परत हलली तर गाडी ह्या घरात ऱ्हानार न्हाई."

दत्तूनं कबूल केलं.

सरांनी सांगितलं, हात सैल ठेव, गुडघ्यानं टाकी धर. त्यानं धरली. बबननं टायरची हवा बघितली. पंक्चरवाल्यानं दगडासारखी भरली होती, ती कमी केली. पुढच्या रविवारी गाडी परत हलली. त्यानं बायकोला सांगितलं नाही, मला सांगितलं.

मग नगरच्या वर्कशॉपला नेली. तिथं गाडी तपासायला घेतली की आधी सगळे डबे काढून बाजूला ठेवतात, त्यांची पद्धतच आहे. मेकॅनिक बसून गेला, भरधाव आला, म्हणाला, एकदम सरळ आहे. दत्तूनं डबे लावून घरी आणली, वाटेत हलली. परत नेली. हँडलचं बेअरिंग बदललं, टायर नवे घातले, शॉकअप कडक केले. मेकॅनिकच्या हातात सरळ, दत्तूच्या हातात डुलते. तिसऱ्या खेपेला मेकॅनिक जरा हळू आवाजात म्हणाला, काका, गाडीत काही नाही. तुम्ही हात घट्ट धरता का?

त्या संध्याकाळी दत्तू माझ्याजवळ ओट्यावर बसला. दोन्ही हात पुढं केले आणि बघत राहिला.

"आई, गाडी बरी हाय," तो म्हणाला. "माझंच हात गेलं."

त्याला लहानपणापासून चहा बशीतून प्यायची सवय. काठोकाठ बशी, थेंब सांडत नसे. दुसऱ्या दिवसापासून तो कप दोन्ही हातांनी धरून प्यायला लागला. मला गाडीचं काही पडलं नव्हतं. पण ते कप धरणं मला बघवेना.

सुशीलेलाही बघवेना. ती एकदा म्हणालीसुद्धा, हात बरे हायेत तुमचे, कायतरीच काय. त्यानं ऐकलं नाही. गाडी विकायची ठरली.

* * *

श्रीरामपूरहून एक माणूस गाडी बघायला आला. रविवारच होता. बबन आणि सर पण आले, मयतीला आल्यासारखे गप्प बसले. त्या माणसानं गाडीभोवती फेरी मारली, चाकं बघितली, आणि म्हणाला, डबे रिकामे करून दाखवा, एक चक्कर मारतो.

दत्तूनं बाजूचे डबे उघडले. मग मागचा मोठा डबा उघडला, सीटच्या मागं उंचावर असतो तो. त्यात त्याचा रेनकोट कायम पडून.

सुशीला आतून पळत आली. "थांबा, तो मी करते."

पण दत्तूनं रेनकोट काढला होता. खाली तिच्या जुन्या लुगड्याचं गाठोडं. तो उचलायला गेला तर उचलेना, म्हणून दोन हात लावले. गाठोडं ओट्यावर ठेवलं, सोडलं.

माझा वरवंटा. कडेला टवका उडालेला, वर कुंकवाचं बोट लावलेलं.

 बबन तोंड उघडं टाकून बघत होता. सुशीलेनं पदर सारखा केला.

"भाऊजी म्हनले, वजन असलं की गाडी हळू जाती," ती म्हणाली. "मला वाटलं, हळू जातील."

सरांनी वरवंटा उचलून पाहिला, परत ठेवला. म्हणाले, एवढा दगड इतक्या मागं आणि इतक्या उंच. साठला काही नाही, शंभरला हा मागून शेपटी हलवणारच. आणि वर्कशॉपवाले डबा काढून चालवत होते, म्हणून त्यांच्या हातात गाडी सरळ जायची.

दत्तूनं सरांकडं बघितलं. मग बबनकडं. बबननं आभाळाकडं बघितलं.

दत्तूनं हेल्मेट घातलं, रिकामा डबा बंद केला आणि एकटा गेला. आम्ही बसून राहिलो. श्रीरामपूरचा माणूस पण बसला, त्याला आता गाडीपेक्षा पुढं काय होतं ते बघायचं होतं. सुशीला उंबऱ्यात उभी. मी वरवंटा मांडीजवळ घेऊन बसले, परत कुठं जायला नको.

बऱ्याच वेळानं दत्तू आला. बूट ओट्याखाली काढले. चहा मागितला. सुशीलेनं कप आणि बशी दोन्ही आणून ठेवले. त्यानं चहा बशीत ओतला, काठोकाठ, एका हातानं बशी उचलली आणि तो प्यायला. थेंब सांडला नाही.

मग श्रीरामपूरच्या माणसाला म्हणाला, "पाहुणं, जेवूनच जावा. गाडी न्हाई विकायची."

सुशीला आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती बाहेर आली ती दत्तूचं जुनं हेल्मेट घेऊन. नऊवारीचा काष्टा घट्ट केलेला.

"वजन म्हनून आता मीच बसते," ती म्हणाली.

 दत्तूनं गाडी ओट्याला लावली, तिला चढायला सोपं पडावं म्हणून. ती चढली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं फाटकातून गेले. बबन म्हणाला, आता वहिनी मागं हायेत म्हणल्यावर गडी जोर दावणार. 

मी पाटा धुतला, मिरच्या घेतल्या, लसूण घेतला. ठेचा वाटून झाला, भाकरी झाल्या, तेव्हा फाटकाशी गाडीचा आवाज आला. बबन उठून पुढं गेला. वेग किती घेतला, हलली का, हे त्याला आधी विचारायचं होतं.

सरांनी त्याचा हात धरून त्याला थांबवलं. "ऐक," म्हणाले.

सुशीलेनं हेल्मेट अजून काढलं नव्हतं. आत ती गाणं म्हणत होती.