काळ्या रंगाखालचा बोल्ट

त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे म्हणे, पण पाटी वाचतो कोण? सगळे त्याला टेस्टर म्हणतात. का, तर शर्टाच्या खिशात पेनाऐवजी कायम टेस्ट लॅम्प. मूठ स्क्रूड्रायव्हरसारखी, आत एवढासा दिवा, पुढे टोक आणि मागे चिमटा लावलेली वायर. करंट पोचत असेल तर दिवा लागतो, नसेल तर नाही. गाड्यांची वायरिंग दुरुस्त करत बत्तीस वर्षं या दिव्यावर त्याचं घर चाललं, आणि घरापेक्षा जास्त त्याचा तोरा चालला. "आधी तपासा, मग बोला," हे त्याचं पालुपद. गिऱ्हाईक दारातूनच "बॅटरी गेली वाटतं" म्हणालं की हा फिस्सकन हसायचा. "डॉक्टरकडे जाऊन औषधही तुम्हीच सांगता का हो?"

आणि असा हा माणूस आपल्या सख्ख्या थोरल्या बहिणीला न तपासता बोलला. तेही चारचौघांत.

ताई एकसष्ट वर्षांची. भावोजी गेले तेव्हा त्यांची जुनी गाडी कव्हर घालून इमारतीखाली पडून होती. वर्षभराने ताईने एक दिवस कव्हर काढलं आणि सरळ ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं. टेस्टर पोट धरून हसला होता. "अगं, तुला सायकल तरी येते का?" पण पठ्ठी शिकली. पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. मग ती लायब्ररीत जाऊ लागली, मुलीकडे जाऊ लागली, तळमजल्यावरच्या काकूंना डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊ लागली. "कुणाला विचारावं लागत नाही रे आता, 'नेतोस का' म्हणून," असं ती एकदा म्हणाली होती. त्याने ते ऐकलं आणि सोडून दिलं.

तसा जीव होता त्याचा बहिणीवर, नव्हता असं नाही. दोन महिन्यांपूर्वी, थंडीत, त्याने दोन दिवस दुकानातली बाकीची कामं बाजूला ठेवून तिची गाडी घेतली होती. पुढच्या पत्र्याला गंज चढत होता. हेडलाइट काढले, हॉर्न काढला, गंज खरवडला आणि बॉनेटच्या आतला सगळा पत्रा काळ्या रंगाने रंगवला, दोन हात देऊन. येईल त्याला बॉनेट उघडून दाखवत होता. "बघा, शोरूममध्ये मिळणार नाही असं काम!"

थंडी सरली, ऊन तापलं, आणि एका शनिवारी भर दुपारच्या गर्दीत ताईची गाडी उकळली. बॉनेटमधून वाफांचे लोट. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. कुणी तरी खिडकीशी येऊन "काकू, घरी बसा ना" म्हणून गेला. दोन भल्या माणसांनी ढकलून गाडी कडेला लावली.

संध्याकाळी ताईच्या घरी सगळे जमले होते. तिची मुलगी, जावई, तळमजल्यावरच्या काकू. टेस्टरने आत येऊन चप्पल काढायच्या आधीच सुरुवात केली. "ताई, डॅशबोर्डवर तो काटा कशाला दिलाय? शोभेला? लाल पट्ट्यात गेला की थांबायचं, एवढं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. इंजिन थोडक्यात वाचलंय! डोळे रस्त्यावर नाहीत, काट्यावर नाहीत, मग होते कुठे?"

जावई खाली बघून हसला. काकू म्हणाल्या, "अहो, वय झालं आता आपलं." ताईने भावाकडे एकदा नीट पाहिलं. उठून खिळ्यावरची चावी काढली आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

"घेऊन जा. दुरुस्त झाली की विकून टाक."

रागावलीय, येईल ताळ्यावर, असं त्याला वाटलं.

तीन-चार दिवस गाडी दुकानासमोर नुसती उभी होती. गुरुवारी सकाळी त्याने बॉनेट उघडलं. पाणी भरलं, गळती कुठे नाही. म्हणजे रेडिएटरचा पंखा फिरत नसणार. पंख्याला बॅटरीतून थेट वायर दिली, तर भर्रकन फिरला. मोटर ठीक. फ्यूजवर टेस्ट लॅम्प लावला, दोन्ही बाजूंना लागला. रेडिएटर तापला की पंखा चालू करणारा स्विच असतो, त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या, तर पंख्याकडे करंट सोडणारा रिले टक्कन वाजला. पंखा मात्र ढिम्म. पंख्याच्या कनेक्टरवर करंट येत होता. उरली अर्थची वायर, म्हणजे करंट परत जायची वाट. लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला आणि टोक अर्थच्या वायरीला लावलं. दिवा लागला नाही.

सापडलं म्हणून तो खूश झाला. वायर बोटांत धरून तिच्या मागे मागे गेला. हेडलाइटच्या मागून ती खाली पत्र्यावरच्या एका बोल्टाखाली शिरत होती. बोल्ट काळा कुळकुळीत होता. खालचा पत्रा काळा. आट्यांमध्येसुद्धा रंग बसलेला.

वायर काढून, रंग देऊन, ती रंगावरच परत कसली होती. रंगातून करंट जाणार कसा? बत्तीस वर्षं हा धंदा करणाऱ्या माणसाने. थंडीत पंख्याची गरजच पडली नाही, म्हणून कळलं नाही इतकंच.

पॉलिश पेपरने त्याने रंग घासला. पत्रा चमकला, बोल्ट आवळला, पंखा फिरला. पाच मिनिटांचं काम. तो मात्र फिरत्या पंख्यासमोर कितीतरी वेळ तसाच उभा राहिला, कानशिलं तापलेली.

तेवढ्यात जावयाचा फोन आला. "मामा, सापडलं का काही?"

"रिले गेला होता," टेस्टर म्हणाला. तोंडातून गेलंच ते. "जुनी गाडी, चालायचंच."

"म्हणजे आईंची काही चूक नव्हती?"

"चूक म्हणजे... काटा तरी बघायला हवा होता ना."

फोन ठेवला आणि त्याला स्वतःची अशी शिसारी आली की हातातला पान्हा त्याने भिंतीवर भिरकावला. कारण अजून एक गोष्ट होती. पाच दिवस ती त्याने स्वतःलाही सांगितली नव्हती.

ताईने काटा बघितला होता. त्या शनिवारी तिचा फोन आला तेव्हा तो एका ट्रकच्या डॅशबोर्डखाली उताणा पडला होता. "अरे, काटा लाल पट्ट्यात गेलाय. मी कडेला थांबलेय. काय करू?" आणि हा खांद्यात फोन दाबून म्हणाला होता, "काही होत नाही गं. जुना काटा असाच फसवतो. हळूहळू घरी ने." विसरला म्हणावं, तर तेही खरं नाही. संध्याकाळी तो सगळ्यांत मोठ्याने बोलत होता ना, ते त्यासाठीच. आणि ती समोर बसून ऐकत होती.

रविवारी तो गाडी घेऊन गेला. मुलगी आणि जावई आले होते. काकूंनाही त्याने मुद्दाम वर बोलावलं. चहा आला. त्याने कप हातात घेतला नाही.

"रिले गेला नव्हता," तो म्हणाला. "मीच रंग मारला होता. अर्थच्या बोल्टाखाली. पंखा माझ्यामुळे बंद होता."

जावयाने फोन बाजूला ठेवला.

"आणि अजून एक..."

"पुरे रे," ताई पटकन म्हणाली. "झालं ते झालं. चहा घे आधी."

तिने त्याला वाट करून दिली होती. चहा घ्यायचा, दोन शब्द हसून बोलायचे आणि सुटायचं. मोह झाला त्याला, का नाही होणार? पण मान खाली घालून त्याने सांगून टाकलं. फोन आला होता. ती थांबली होती. पुढे ने असं त्यानेच सांगितलं होतं. शेवटी आवाज इतका बसला की काकूंनी "काय, काय?" म्हणून विचारलं आणि त्याला ते पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं.

"आई, मग तू त्या दिवशी बोलली का नाहीस?" मुलगी जवळजवळ ओरडलीच.

ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "काय बोलायचं? गाड्यांवर त्याचं पोट आहे. जावयासमोर त्याचं तोंड पडलं असतं. माझं काय, मी बसने गेले असते."

टेस्टरला वर बघवेना. ती दोन शिव्या हासडती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

ताईने हात पुढे केला. "चावी."

"मी येतो बरोबर. पंखा नीट चालतो का ते..."

"तू बस. चहा निवतोय."

ती खाली गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, फाटक वाजलं, आणि आवाज रस्त्याला लागला. टेस्टरने मोबाइल खिशातून काढून टेबलावर उलटा न ठेवता सुलटा ठेवला. आता वाजला तर पहिल्या रिंगला उचलायचा. काकू खाली गेल्या, जावयाने कप आत नेले, तरी तो तिथेच फोनकडे बघत बसून होता.

दीड तासाने ताई परत आली. हातात लायब्ररीची दोन पुस्तकं होती. तिने चावी खिळ्याला अडकवली. फोन काही वाजला नव्हता.