अर्ध्या सिनेमाची साक्ष

परवा मी आणि नवऱ्यानं घरी बसून एक सिनेमा बघितला. नायिकेचा संसार मोडतो, ती न्हाणीघरात जाते, शॉवर सोडते आणि कपड्यांनिशी त्याखाली उभी राहून रडते. चांगली पोटभर रडते. मला काही केल्या तिचं दुःख दिसेना. माझा सगळा जीव त्या वाहत्या पाण्यात अडकला होता. बाई गं, रड हवं तेवढं, पण आधी ते बंद कर. बाकी सिनेमा उत्तम. काम चोख, गाणी जवळजवळ नाहीत, आणि शेवटी नवरा-बायको पुन्हा एकत्र येत नाहीत हे तर मला फारच पटलं.

त्याच्या आधीच्या आठवड्यातला मात्र टाकाऊ होता. सगळा अंधारात. पात्रं कुजबुजतात म्हणून आपण आवाज वाढवावा, तर तेवढ्यात गोळी सुटते आणि आपणच दचकतो. आणखी एक बघितला, खेड्यातला म्हणून गाजलेला. त्यात नांगर धरणाऱ्या माणसाच्या धोतराला इस्त्री होती. मी तिथंच बंद करणार होते, पण अर्ध्यावर सिनेमा सोडायची मला सवय नाही. सोडला की त्याच्याबद्दल बोलायचा हक्क जातो, आणि बोलायचंच नसेल तर बघायचा कशाला?

परवाचा सिनेमा संपल्यावर नवऱ्याला विचारलं, कसा वाटला? तो म्हणाला, "ठीक होता." लग्न झाल्यापासून मी या माणसाला सांगतेय की 'ठीक होता' हे मत नव्हे, ही पळवाट आहे. माझ्या माहेरी असं बोलून कुणाला खुर्चीवरून उठता आलं नसतं.

माहेर पुंडलिकनगरात. वडील, म्हणजे आमचे अण्णा, कोर्टात कारकून होते. दिवसभर तारखा, साक्षी, फैसले, आणि घरी आले तरी तीच भाषा तोंडात. घरात सीडी प्लेअर आला तेव्हा मी कॉलेजात होते आणि माझा मोठा भाऊ, दादा, नुकताच वाळूजच्या एका कंपनीत लागला होता. रविवारी दुपारी जेवणं झाली की कोपऱ्यावरच्या दुकानातून भाड्यानं सीडी यायची. सिनेमा संपला की अण्णा टीव्ही बंद करायचे, खुर्ची आमच्याकडं फिरवायचे आणि म्हणायचे, "चला, पेशी."

पेशी म्हणजे एकेकानं मत द्यायचं. नुसतं 'आवडला' चालायचं नाही, पुरावा लागायचा. दादाला फक्त मारामाऱ्यांबद्दल मत असायचं, पण ते मुद्देसूद असायचं. माझ्या तर जिभेला हाडच नव्हतं. नायक कॉलेजात जाण्याच्या वयाचा दिसत नाही, इथपासून ते शेवटचं भाषण त्याच्या तोंडी शोभत नाही इथपर्यंत मी सगळं फाडून ठेवायची. अण्णा हसू दाबून म्हणायचे, "हिला वकील करा." मग स्वतःचं मत द्यायचे, आणि ते नेहमी सर्वांत लांब असायचं.

या पेशीचा एक पक्का नियम होता. ज्यानं सिनेमा पुरता बघितला नाही, त्याचं मत धरायचं नाही. अण्णा म्हणायचे, अर्धवट साक्ष टिकत नाही.

दिसायला नियम सगळ्यांना सारखा होता, पण त्यातून बाद व्हायची फक्त आई. त्या वर्षी जायकवाडी धरण तळाला गेलं होतं आणि शहर मात्र बीड बायपासच्याही पलीकडं पसरत होतं. नळ चार-पाच दिवसांआड यायचा आणि कधी येईल याचा भरवसा नव्हता. नेमका रविवारी, सिनेमा रंगात आला की अंगणातला नळ सूं करून हवा सोडायचा, आई उठायची. पाण्याला जोर नसल्यामुळं सगळ्या गल्लीनं नळाभोवती खड्डे करून नळ खाली घेतले होते. बहुतेकांनी त्याला गुपचूप छोटी मोटारही लावली होती. आमच्याकडं मोटार नव्हती. "कोर्टात नोकरी करतो आणि नळाला मोटार लावू? शोभेल का मला?" हे अण्णांचं म्हणणं. शोभा अण्णांची आणि कंबर आईची. खड्ड्यात वाकून बादली भरायची, वर काढायची, पिंपात ओतायची. पदर खोचलेली, घामेजलेली आई परत यायची तेव्हा पडद्यावर लग्न लागलेलं असायचं किंवा कुणीतरी मेलेलं असायचं. "हा कामून मेला?" ती विचारायची. आम्ही घाईघाईनं सांगायचो, निम्मं सांगायचोच नाही. पेशीत तिच्यावर आलं की ती म्हणायची, "म्या कुठं पुरा बघितला," आणि चहा टाकायला जायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात अण्णांनी बायपासला एक फ्लॅट बघितला. नवी इमारत, लिफ्ट, आणि बिल्डरच्या माणसाचा शब्द की बोअरला चोवीस तास पाणी आहे. पुंडलिकनगरचं घर विकायचं आणि तिकडं जायचं. अण्णांना त्या पाण्यानं वेड लावलं होतं. दादाला घाई होती लग्नाची, कारण मुलीकडचे मुलगा काय करतो याच्याआधी नळ किती दिवसांनी येतो ते विचारायचे. आणि मला स्वतःची खोली मिळणार होती. ती मी मनानं लावूनसुद्धा टाकली होती, पलंग खिडकीशी, पडदे पिवळे. फ्लॅट बघायला आईलाही नेलं होतं. तिनं स्वयंपाकघरातला नळ सोडून बघितला, बंद केला, पुन्हा सोडला. आम्ही तो होकार धरला.

बिल्डरच्या माणसाला सोमवारी शब्द द्यायचा होता. रविवारी अण्णांनी सीडी आणली ती मुद्दाम निवडून. एक निवृत्त माणूस गावातलं जुनं घर विकून मुलांसाठी मोठ्या शहरात जातो, आधी कुढतो, मग रमतो, आणि शेवटी नव्या घरात त्याची बायको हसून दिवा लावते. त्याची गोष्ट अण्णांनी मित्राकडून आधीच ऐकली होती. सिनेमा लावताना ते म्हणाले, "आज दोन्ही पेश्या एकदमच. सिनेमाची आणि फ्लॅटची. पुरा बघायचा, मग मत द्यायचं." बोलणं आमच्याकडं बघून होतं. आई दाराजवळ तांदूळ निवडत बसली होती. तिनं ताट बाजूला ठेवलं आणि पुढं येऊन सतरंजीवर बसली.

घर विकायचं की नाही, यावर त्या माणसाचं आणि मुलाचं कडाक्याचं भांडण चाललं होतं आणि बाहेर नळ सूं करून आला. गल्लीत बादल्या वाजायला लागल्या. आम्ही तिघं पडद्याकडं बघत आई उठायची वाट बघत होतो. आई उठली नाही.

"नळ आला," अण्णा म्हणाले.

"ऐकू आलं," आई म्हणाली.

"मग?"

"मग काय? मी पिक्चर बघू राहिले."

अण्णांनी दादाकडं बघितलं, दादानं माझ्याकडं. उठलं की मत गेलं, आणि त्या दिवशी मत कुणालाच घालवायचं नव्हतं. मी तर मांडी आणखी पक्की घातली. शेवटी दादानं तोड काढली, "थांबवू का थोडा वेळ? पाणी भरून घेऊ, मग पुढचा बघू."

"कामून थांबवायचा?" आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "माझ्यासाठी कवा थांबवला व्हता?"

प्लेअरला थांबवायचं बटण होतं, ते आम्ही फोन आला की दाबायचो, दारावर भाजीवाला आला तरी दाबायचो. आई नळावर असताना ते कधीच दाबलं नव्हतं. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं आणि खरं सांगते, मला आईचा रागच आला. आजचाच दिवस सापडला का हिला, असं वाटलं.

नळाचं पाणी आता खड्ड्यात पडून वाहून चाललं होतं. तो आवाज आतपर्यंत यायचा. दुष्काळात तो आवाज बसून ऐकणं म्हणजे शिक्षाच. अण्णांनी दोनदा खाकरून बघितलं. शेजारच्या काकू कुंपणावरून ओरडल्या, "अहो, तुमच्या नळाचं पाणी वाया चाललंय!" मग मात्र अण्णांना राहवेना. ते उठले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि बनियनवर खड्ड्यात उतरले. बायकोऐवजी खुद्द अण्णा नळावर, हे बघायला काकू कुंपणापाशीच थांबल्या असणार.

सिनेमा संपला तेव्हा अण्णा आत आले, कोपरापर्यंत भिजलेले, पाठीवर हात ठेवून. सवयीनं टीव्ही बंद केला, खुर्ची फिरवली आणि त्यांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "माझं मत गेलं." आवाजात तक्रार नव्हती. नियमाला माणूस पक्का होता.

दादा म्हणाला, सिनेमा चांगला, मुलाचं म्हणणं पटलं. मी म्हणाले, गाणी लांबली पण शेवट योग्य, माणसानं काळाबरोबर पुढं जावं. दोन मतं पडली, फ्लॅट झाल्यातच जमा होता. मग आईकडं वळलो, तिचं मत धरायला, त्या घरात पहिल्यांदाच.

"काम चांगलं केलंय सगळ्यांनी," आई म्हणाली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, पण बोलणं सरळ होतं. "पर ती बाई हाय ना, त्याची बायको, तिला पुऱ्या पिक्चरमदी एकदाबी कुणी इचारलं नाय. बापलेक भांडले, शेजारी रडले, घर इकलं. ती निस्ती डबे भरू राहिली. अन् शेवटाला दिवा लावून हसती. कामून हसती ती? म्या पुरा बघितला, मला तर नाय कळलं."

"अगं, तो सिनेमा तिच्याबद्दल नाहीच आहे," मी म्हणाले. आजही माझं मत तेच आहे. प्रत्येक सिनेमा प्रत्येक पात्राचा नसतो, आणि त्या दिग्दर्शकानं जे सांगायचं ठरवलं ते त्यानं नीट सांगितलं होतं. त्या सिनेमाबद्दल आई चुकलीच होती.

पण अण्णा सिनेमावर नव्हतेच. त्यांनी विचारलं, "तुला यायचं नाही का तिकडं?"

"नाय."

"पाणी आहे तिथं. तुझाच त्रास वाचतो."

"पाण्याचं मला नका सांगू. ह्या भिंतीला पाणी म्या मारलंय. घर बांधलं त्या सालीबी दुष्काळच व्हता. तुमी कोर्टात, लेकरं शाळंत. लांबच्या हिरीवरून डोईवर आणायचे अन् भिंतीवर मारायचे, सकाळ-संध्याकाळ. प्यायला कमी पडलं, पर भिंत सुकू दिली नाय. त्याच्याआधी किती घरं बदलली भाड्याची, तुमी सांगितलं की म्या भांडे बांधले. हे घर सोडून म्या कुठंच येणार नाय."

बाहेर गल्लीतल्या बादल्या थांबल्या होत्या. अण्णा समोरच्या भिंतीकडं बघून म्हणाले, "हे आधी का नाही बोललीस?"

आई म्हणाली, "मला तारीख कवा दिली तुमी?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि माझ्या पिवळ्या पडद्यांसाठी रडले. लाज वाटली म्हणून नव्हे, खोली गेली म्हणून रडले. आईचं बरोबर आहे हे कळत होतं, आणि ते कळत होतं म्हणूनच जास्त रडू येत होतं. त्या फ्लॅटमध्ये पुढं माझी एक मैत्रीण राहायला गेली. तिथल्या बोअरला खरंच पाणी होतं, पुढच्या दुष्काळातही होतं. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "असंल की," आणि भाजी चिरत राहिली. दादाचं लग्न आमच्या त्या चार दिवसांआडच्या नळावरच झालं.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, कोर्टात जाण्याआधी अण्णांनी बिल्डरच्या माणसाला फोन लावला. मी पोळी खात होते, आई तव्यापाशी. अण्णा म्हणाले, "नाही जमणार आमचं. नाही, भाव ठीक आहे हो. घरातून नकार आहे." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला. त्यांना जरा समजावून सांगा, असं काहीतरी म्हणाला असावा, कारण अण्णा एकदा स्वयंपाकघराकडं बघून फोनवर म्हणाले, "समजावून झालंय. त्यांनीच मला समजावलं."