बाहेरचं

डॉक्टर विद्याधर चुरींना सगळे यादीवाले डॉक्टर म्हणत, आणि ते नाव त्यांना मनातून आवडे. वसईतल्या त्या धर्मादाय रुग्णालयात कोणती औषधं लिहायची याची मंजूर यादी त्यांच्याच पुढाकाराने झाली होती. यादीतलं औषध रुग्णालयाच्या खिडकीवर स्वस्तात मिळे. यादी सोडून कुणी काही लिहिलं, की खिडकीवरची रोशनी चिठ्ठी परत सरकवून म्हणे, "हे बाहेरचं बघा." मग पेशंट बिचारा दुकानं पालथी घाली. चुरींनी तसं कधी कुणाला फिरवलं नाही. औषध कंपनीचा माणूस दारात आला, तर ते त्याला पापडी गावच्या आपल्या वाडीतली केळी खायला घालत आणि गोड बोलून वाटेला लावत. सगळं खरं, पण त्यांच्या दाराबाहेरची बाकडी आताशा रिकामी असत.

भरलेली बाकडी समोरच्या दाराबाहेर होती. तिथे डॉक्टर रोवेना डाबरे बसे. करारावर आलेली, चुरींच्या मुलीच्या वयाची. मनवेलपाड्याची, चिंचोटीची माणसं केसपेपर काढतानाच तिचं नाव सांगत. चुरी जळत, उघडच सांगायचं तर. तिच्या खोलीत हशा पिकला, की इकडे यांचा चहा कडू होई. घरी जेवतानाही तिचाच विषय. फार बोलते, पेशंटला डोक्यावर बसवते, एकेकाला केवढा वेळ लावते! एकदा पत्नी चंद्रकांताबाई शांतपणे म्हणाल्या, की माझे गुडघे एकदा तिलाच दाखवून येते. त्यानंतर चुरींनी घरात तिचं नाव काढलं नाही.

पण एवढी माणसं उगीच जातील का? महागडं काहीतरी लिहीत असणार, असं चुरींनी ठरवूनच टाकलं. पुरावा तेवढा हवा होता. रोवेनाचा करार संपत आला होता, आणि तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ज्या बैठकीत ठरणार होतं तिथे चुरींच्या शब्दाला वजन होतं.

पुरावा आयता शांताच्या तोंडून मिळाला. चिंचोटीची शांता पूर्वी त्यांचीच पेशंट. तिचा रक्तदाब काही केल्या उतरेना, चुरी तिच्यावर करवादत, आणि एक दिवस ती समोरच्या दारी गेली. व्हरांड्यात ती भेटली तेव्हा चांगली तरतरीत दिसली, आणि तेच त्यांना खुपलं. औषध काय चाललंय, असं त्यांनी विचारलं.

"रोवेना बायनी माजं भायेरचं बगलं ना, तवापासून बरं हाय," शांता म्हणाली.

पुढचं ऐकायला चुरी थांबलेच नाहीत. तासाभरात बैठक होती, रोवेनालाही तिथे बोलावलं होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढून सांगितलं, की या बाई यादी धाब्यावर बसवतात, गरिबाला बाहेरचं औषध घ्यायला लावतात, आणि हे पेशंटच सांगतोय. रोवेनाचा चेहरा उतरला. आपण यादीबाहेरचं कधीच लिहिलं नाही, एवढंच ती म्हणाली. चुरींना, खोटं कशाला, बरं वाटलं. रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर इग्नेशियस यांनी व्हरांड्यात अजून बसलेल्या शांताला केसपेपर घेऊन आत बोलावलं.

केसपेपरवर रक्तदाबाची एकच गोळी होती. यादीतली. चुरींनी दिली होती तीच, तेवढ्याच ताकदीची.

मग बाहेरचं काय, असं इग्नेशियस यांनी शांताला विचारलं.

"औशद नाय वो. मलाच भायेरचं झालं व्हतं. शेतावरनं येताना कायतरी लागलं, असं वाटत व्हतं. मंग गोळीनं काय व्हनार? मी ती डब्यात टाकून ठेवायची."

रोवेनाने तिला भगताकडे जाऊ नको म्हटलं नव्हतं. जा, अंगारा लाव, पण गोळी गिळल्याशिवाय अंगाऱ्याला हात लावायचा नाही, एवढं बजावलं होतं. हे चुरी डॉक्टरांना का नाही सांगितलं, असं इग्नेशियस यांनी विचारलं, तेव्हा शांता जरा गोंधळली.

"त्यांनी कवा इचारलं?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर चुरींना रागावता तरी आलं असतं. रोवेनाला कायम करण्याच्या कागदावर त्यांनी सगळ्यांबरोबर सही केली. घरी जाताना त्यांची जळजळ कमी झाली नव्हती, उलट वाढली होती. काल महागड्या औषधाला नावं ठेवता येत होती. आज गोळी तीच होती, त्यांचीच.

दुसऱ्या दिवशी रोवेना रजेवर होती आणि चुरींची बाकडी भरली. मनवेलपाड्याचे म्हातारे बाबू मधुमेह घेऊन आत आले. चुरींनी उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं, खुर्ची जवळ ओढली आणि जमेल तेवढ्या मऊ आवाजात विचारलं, "बाबूकाका, तुम्हाला काही बाहेरचं वगैरे वाटतंय का?"

बाबूंनी इकडेतिकडे पाहिलं. मग ते अदबीने म्हणाले, "वाटतं, डॉक्टरसाहेब. पन ते मी रोवेना बाईंना सांगितलंय. त्या उद्या येतील ना?"