आक्कांचं मागणं

आक्कांच्या घरात मिरच्यांचं पोतं भरलेलं असायचं, तरी दोन मिरच्या मागायला त्या शेजारी जायच्या. परसात शेवगा शेंगांनी वाकलेला असला तरी शेंगा मागायला वरच्या आळीला जायच्या. आणि घरात काड्यांची पेटी असूनही रोज सकाळी खापरीचा तुकडा घेऊन विस्तव मागायला निघायच्या, आज या दारी तर उद्या त्या दारी. बरं, घर काही नडलेलं नव्हतं. दोन विहिरींची बागायत होती आणि मुलाचा सांगलीच्या पेठेत हळदीचा व्यापार होता. जैनाचं घर, त्यामुळं सगळं कसं वेळच्या वेळी आणि नीटनेटकं. गाव पाठीमागं त्यांना 'मागत्या आक्का' म्हणायचं. आक्कांना ते ठाऊक होतं. "म्हणू देत की. मागतीच हाय मी," असं त्या हसून सांगायच्या.

मी त्यांच्या बरोबर उलटी. औंधाजवळच्या एका खेड्यातून मी कृष्णाकाठच्या या गावात सून म्हणून आले, तेव्हा ताटात दुसरी भाकरी मागायचीही मला चोरी वाटे. पोरीच्या जातीनं तोंड वर करून काही मागणं म्हणजे घराण्याला बट्टा, असं माहेरी शिकवलेलं. विहिरीवर घागर डोक्यावर चढवायला कुणी हात द्यावा म्हणून मी वाट बघत उभी राहायची, पण "जरा हात लावा" एवढे तीन शब्द तोंडातून निघायचे नाहीत. याचा मला मनातून मोठा अभिमान होता, हे आता सांगायला हरकत नाही. लाजाळूपणाला आपण किती छान नावं देतो! मी माझ्या लाजाळूपणाला स्वाभिमान म्हणत होते.

एकदा आक्का आमच्याकडं मीठ मागायला आल्या. मी वाटीत मीठ घालता घालता धीर करून विचारलं, "आक्का, तुमच्याकडं रांजणभर मीठ हाय की. मग मागता कशाला?"

"आगं, आज मी तुझं मीठ नेलं न्हाई, तर उद्या तू माझ्या दारात येशील व्हय?" त्या म्हणाल्या. "ज्येच्या घरचं कुणी कवा मागून न्हेत न्हाई, त्ये घर गावात असून नसल्यागत. आन जे घर कवा कुणाकडं मागत न्हाई, त्येच्या दारात गरीब माणूस यायला भितो."

मला ते त्या वेळी पटलं नाही. श्रीमंतीतली मौज आहे, असं वाटलं.

लढाईची वर्षं होती. गावातल्या निम्म्या घरांतले तरणे गडी पलटणीत होते, त्यात आमचे मालकही होते. पत्र आलं तर दोन-तीन महिन्यांनी यायचं. घरात मी आणि सासरे, म्हणजे मामंजी, अशी दोनच माणसं. त्या साली ऐन शाळू पेरायच्या दिवसांत मामंजी गाडीवरून पडले आणि पाय मोडून अंथरुणाला खिळले. त्याच आठवड्यात आमच्या एका बैलाला खुरकत झाली. सहा एकर काळं रान कुळवून तयार पडलेलं आणि पेरणीची घात फार तर चार-पाच दिवसांची. ओल उडाली की दाणा टाकून उपयोग नाही. तेवढी पेरणी हुकली तर वर्षाची भाकरी हुकली, इतकं साधं गणित होतं.

अशा वेळी आमच्याकडं इर्जिक घालतात. गावातल्या लोकांनी एक दिवस आपापली बैलं आणि औतं घेऊन एकाच्या रानात उतरायचं, मजुरी घ्यायची नाही, घरधन्यानं दुपारी पुरणपोळीचं जेवण घालायचं. पण तिला एक नियम होता. घरच्याच माणसानं प्रत्येक दारात स्वतः जाऊन बोलावलं पाहिजे. निरोपाच्या इर्जिकीला कुणी येत नसे आणि न बोलावता तर मुळीच नाही. मामंजी उठू शकत नव्हते. उरले मी.

मी डोक्यावरचा पदर सारखा करून निघाले. पहिल्या घरी गेले. त्यांनी घोंगडं टाकलं, पाणी दिलं, सासऱ्यांचा पाय कसा आहे विचारलं. मी बसले, पाणी प्याले, आणि "कशाला आली होतीस?" असं विचारल्यावर माझ्या तोंडून निघालं, "इरजण मागाय आलो हुतो." दही लावायला विरजण! दुसऱ्या घरी हेच. तिसऱ्या घरी तर त्या बाईनं आपणहून विचारलं, "पेरणीचं काय केलंसा?" आणि मी म्हणाले, "चाललंय की." संध्याकाळी मी सात घरं फिरून सात वाट्या विरजण घेऊन परत आले. बैल एकही नाही. मामंजींनी विचारलं, "किती जोड्या ठरल्या?" मी चुलीपुढं तोंड करून रडत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का विस्तवाला आल्या आणि ओट्यावरची वाट्यांची रांग बघून दारातच थबकल्या. "सात म्हशी घेतल्यासा काय गं?"

मी सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की खापरी खाली ठेवावी लागली. मला वाटलं, आता म्हणतील, थांब, मी जाऊन सांगते. तसं मी सुचवलंही. तर हसू एकदम थांबलं. "मी मागितलं तर बैलं माझ्या शब्दावर येतील. मी काय जल्माला पुरणार हाय तुला? ऊठ."

मग त्यांनी मला जे शिकवलं ते मला आजही तोंडपाठ आहे. "आदी मागायचं, मग बसायचं. घोंगड्यावर बसलीस की संपलं. काय पायजे, किती पायजे, कवा पायजे, ह्या तीनच गोष्टी बोलायच्या. चवथी बोललीस की ती रडकथा." एवढं सांगून त्या आमच्याच माजघरात जाऊन उभ्या राहिल्या आणि मला बाहेर काढलं. "मी घरमालकीण. माग."

मी उंबऱ्यावर उभी राहून कसंबसं म्हणाले, "आक्का, परवा आमच्या रानात इर्जिक हाय, तुमची एक जोडी पायजे."

"न्हाई जमायचं," आक्का फाडकन म्हणाल्या.

माझा चेहरा उतरला. "बघ, मेलीस का?" त्यांनी विचारलं. "न्हाई म्हणलं की म्होरलं दार. न्हाईला काय काटं असत्यात?"

पहिलं घर कुठलं घ्यायचं तेही त्यांनीच ठरवलं, आणि तिथं त्यांची अक्कल दिसली. गावात एक पैलवान तात्या होते. उसना दोरसुद्धा न देणारे म्हणून त्यांची ख्याती. आक्कांनी मला आधी तिकडंच धाडलं. मी दारात उभ्या उभ्या तीन गोष्टी सांगितल्या. तात्या मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "माझीच घात चाललीया. मला न्हाई जमायचं." मी "बरं" म्हटलं आणि बाहेर पडले. आणि काय सांगू, वेशीपर्यंत येते तो माझी भीती पार गेली होती. नकार हा एवढाच असतो? एवढ्यासाठी मी सात वाट्या विरजण आणलं? पुढच्या दारात माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. त्या घरानं एक जोडी कबूल केली. त्याच्या पुढच्यानं जोडी आणि पेरायची पाभर दोन्ही. एक म्हातारा तर रागावला, "काल आलीस तवाच का सांगितलं न्हाईस? इरजण घेऊन गेलीस व्हय गं!" दिवस मावळायच्या आत अकरा जोड्या झाल्या.

इर्जिकीच्या दिवशी उजाडताना बांधावर बारा जोड्या उभ्या होत्या. बारावी तात्यांची. ते माझ्याकडं न बघता बैलांना जू चढवत म्हणाले, "न्हाई म्हणालो खरं, पर झोप लागंना. माझ्या दारात आजवर कोण मागायलाच येत न्हवतं." मी पाभरीमागं बियाण्याच्या चाड्यावर मूठ धरली. बायका गाणी म्हणत होत्या, गडी एकमेकांच्या बैलांची टर उडवत होते. दुपारच्या जेवणापर्यंत सहा एकरांतलं टीचभर रान उरलं नव्हतं. मामंजींना चौघांनी बाजेसकट बांधावर आणून ठेवलं होतं. त्यांनी सगळं रान डोळे भरून पाहिलं आणि मला म्हणाले, "पोराला लिवून कळीव, घर हाय जाग्यावर." मला तेव्हा जो आनंद झाला, तसा लग्नातही झाला नव्हता.

त्यानंतर मला कुणी थांबवू शकलं नाही. पत्र यायचं बंद झालं तेव्हा मी एकटी सांगलीला जाऊन सरकारी कचेरीतल्या साहेबापुढं उभी राहिले आणि मालक कुठं आहेत ते विचारून आले. साहेबानं बसा म्हटलं तरी आधी मागितलं, मग बसले. मालक परत आले तेव्हा त्यांना आपली बायको ओळखू येईना. "हे कुणी शिकिवलं?" असं ते विचारायचे, आणि मी आक्कांच्या घराकडं बोट दाखवायची.

लढाई संपून तीन-चार वर्षं झाली असतील. आक्कांना दुखणं लागलं. त्यांच्या जैनांत अन्नपाणी हळूहळू सोडून देहाचा निरोप घ्यायचं व्रत असतं, ते त्यांनी घ्यायचं ठरवलं. त्याआधी सगळ्यांची क्षमा मागायची असते. काठी टेकत आक्का दारोदार निघाल्या. आमच्या दारात आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "कळत-नकळत दुखिवलं असलं तर माफी दे."

"आवं आक्का, तुमी कधी कुणाला दुखिवलंय?" मी म्हणाले.

"दुखिवलं का न्हाई त्ये मी बघीन. तू द्यायचं बघ."

मी दिली. रडत रडत दिली. त्या हसल्या आणि पुढच्या दाराकडं वळल्या. दोन दिवसांत त्यांनी सारं गाव संपवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या पुन्हा माझ्या दारात. चेहरा उतरलेला. "औंधवाली, माझ्यासंगं चल. एक दार ऱ्हायलंय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांच्या भिंतीला भिंत लागून त्यांच्या धाकट्या दिरांचं, अण्णांचं घर होतं. बांधावरच्या एका बाभळीवरून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालेलं, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. साऱ्या गावाकडं मागणाऱ्या आक्कांनी त्या दारात कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणाला दिसतही नव्हतं.

आम्ही गेलो. दार उघडंच होतं. आत अण्णा दोरी वळत बसलेले. आक्का उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ हलले, पण शब्द येईना. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. मग मीच बोलले. "अण्णा, आक्का आल्यात. तुमची माफी मागायला आल्यात."

अण्णांच्या हातातली दोरी गळाली. ते उठून बाहेर आले, वाकले आणि त्यांनी भावजयीच्या पायांवर डोकं ठेवलं. आक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले.

परत येताना आक्का माझ्या खांद्यावर भार टाकून एकेक पाऊल चालत होत्या. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आक्का, शेजारचंच दार. एवढी वर्षं का गेला न्हाईसा?"

त्या थांबल्या. काठी दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

"लाज वाटत हुती गं."