शमशोनाचा न्हावी

वस्तीच्या टोकाला, गटाराला लागून, चर्चनं एक पत्र्याची खोली भाड्यानं घेतली होती. रविवारी दुपारी तिथं मुलांचा क्लब भरायचा. गाणी, प्रार्थना, बायबलमधली एक गोष्ट आणि शेवटी हातात बिस्किटं. बिस्किटांच्या वेळी हजेरी दुप्पट व्हायची, हे वेगळं सांगायला नको. मागच्या कोपऱ्यात एक डुगडुगती खुर्ची टाकून न्हावीकाका पोरांचे केस फुकट कापत. खरं तर रविवार हा धंद्याचा दिवस. पण जेवण झालं की काका दुकान धाकट्या भावाच्या गळ्यात घालून इकडे पळायचे.

केस कापायला त्यांची ना नव्हती. पण मनातून त्यांना हवी होती ती गोष्ट सांगायची संधी. क्लब चालवणाऱ्या ताई पुढे उभ्या राहून नोहाचं तारू पाण्यात सोडायच्या, तेव्हा मागे काकांचे ओठ हलायचे. एकदा त्यांनी आडून आडून विषय काढला, तर ताई "बघू" म्हणाल्या. आता 'बघू' म्हणजे काय, हे लग्न झालेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि एका रविवारी ताईंचा घसा बसला. त्यांनी हातवारे करून काकांना गोष्ट सांगायला सांगितलं, तसं काकांना आकाश ठेंगणं झालं. खुर्चीत तेव्हा पैलवान बसला होता. पैलवान म्हणजे नुसता हाडांचा सापळा, पण वस्तीतली सगळी पोरं त्याच्या धाकात. त्याचं अर्धं डोकं कापून झालं होतं. हातातलं काम अर्धवट सोडणं काकांच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून कातरीबरोबरच त्यांनी गोष्टही चालू केली. निवडली ती शमशोनाची. केसांचं एवढं महत्त्व दुसऱ्या कुठल्या गोष्टीत असणार?

काका असे काही रंगले की विचारू नका. शमशोनानं नुसत्या हातांनी सिंह फाडला, शहराची वेस उपटून डोंगरावर नेली. पोरं आ वासून ऐकत होती. त्याचं सगळं बळ केसांत होतं हे कळल्यावर तर प्रत्येकानं आपापलं डोकं चाचपून घेतलं. मग शत्रूला फितूर झालेल्या त्याच्या प्रेयसीनं, दलीलेनं, त्याला मांडीवर निजवलं, एका माणसाला बोलावलं आणि शमशोनाच्या सातही बटा उतरवून घेतल्या.

"कुठल्या माणसाला?" पैलवानानं विचारलं.

चर्चच्या खोलीत खोटं कसं बोलायचं? "न्हावीच असणार," काका म्हणाले, आणि नेमकी तेव्हाच पैलवानाच्या कानाशी कातरी कचकन वाजली.

पैलवान गळ्यातल्या कापडासकट पळाला. त्याच्यामागे बाकीची पोरं पळाली. बिस्किटं तशीच राहिली, यावरून काय ते समजा.

पुढच्या रविवारी एकही पोर फिरकलं नाही. न्हावी पोरांचं बळ काढून घेतो, अशी बातमी तोवर वस्तीभर झाली होती. अजून एक रविवार खोली रिकामी राहिली तर चर्च ती सोडून देणार, असं ताईंनी बसक्या आवाजात सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणून काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते तडक नळावर गेले. तिथं पैलवान अर्ध्या डोक्यानिशी रुबाबात उभा होता. शमशोनाचे केस पुढे परत वाढले, बळही परत आलं, हे काकांनी परोपरीनं सांगितलं. पैलवानानं एकच अट घातली: आधी काकांचे केस कापायचे आणि मग त्यांचं बळ जातं का ते बघायचं.

काकांच्या केसांचा कोंबडा साधासुधा नव्हता. बायकोनं लग्नाच्या वेळी आधी तो पसंत केला होता, मग त्याच्या खालचा माणूस. शिवाय आता त्या कोंबड्याखाली चांगलं बशीएवढं टक्कल झाकलेलं होतं. तरी काका मुकाट्यानं खोलीत येऊन खुर्चीत बसले. पोरांनी दारात गर्दी केली. पैलवानानं जीभ बाहेर काढून, मन लावून कातरी चालवली. उंदरांनी कुरतडावं तसं डोकं झालं आणि टक्कल उजेडात आलं. पोरं हसून हसून लोळली. ताई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

मग पैलवान खुर्चीत बसला आणि त्यानं आपल्याला उचलायला सांगितलं. काकांनी त्याला खुर्चीसकट वर उचललं. कमरेत काहीतरी कट्‌कन बोललं, पण त्यांनी तोंडावर दिसू दिलं नाही.

"बळ आहे," खाली आल्यावर पैलवानानं निकाल दिला. "कापा आता. आणि गोष्ट पण सांगा. फक्त त्यातला न्हावी चांगला करा."

बायबलमध्ये आपल्या मनानं फेरफार करता येत नाही, असं काका म्हणाले. पैलवानानं थोडा विचार केला.

"मग त्याला माहीतच नव्हतं म्हणा. त्याला वाटलं, नेहमीचं गिऱ्हाईक आहे."

कापड झटकणारा काकांचा हात थांबला. इतकी वर्षं ती गोष्ट ऐकली, पण त्या माणसाच्या बाजूनं बोलणारा त्यांना आजवर कुणी भेटला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली आणि पोरांना खाली बसायची खूण केली. काकांनी पैलवानाच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.